धावपट्टीच्या डांबरात काय मिसळतात, आणि कशासाठी

4 नोव्हेंबर 2019 ते 28 मार्च 2020 या काळात मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच बंद ठेवायचं ठरलं होतं. पुण्यात ऑक्टोबर 2021 मध्ये तर 16 ते 29 तारखेपर्यंत लोहगावची प्रवासी विमानं पूर्ण थांबली. कारण दोन्हीकडे एकच, धावपट्टीच्या डांबरी थराचं काम. तिकिटं रद्द झालेल्यांनी वैतागून विचारलेला प्रश्न मात्र रास्त होता: असं झिजतं तरी काय तिथे?

मुंबईत दिवसाला विमानांची ये-जा हजाराच्या आतबाहेर असते. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर तेवढी वाहनं बघता बघता निघून जातात. शिवाय धावपट्टीवर ओव्हरलोड डंपर येत नाहीत, केबलवाले आणि पाइपलाइनवाले ती दर दिवाळीनंतर खणत नाहीत, पाण्याचा निचरा चोख असतो आणि मालाची तपासणी गावच्या रस्त्यापेक्षा कितीतरी कडक असते. तरीही साधारण दहा-पंधरा वर्षांत वरचा थर खरवडून नवा टाकायची वेळ येतेच.

यामागची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, आणि डांबरात मिसळायच्या पदार्थांचा, म्हणजे ॲडिटिव्हचा, सगळा खेळ त्या कारणांवर अवलंबून आहे. एकेक ॲडिटिव्ह एखाद-दुसऱ्या दुखण्यावरच चालतं. सगळ्यांवर चालणारं एकही नाही, कंपनीच्या पत्रकात काहीही छापलेलं असो.

आधी त्या काळ्या थरात असतं काय, ते पाहू. वजनाने पाहिलं तर 94-95 टक्के खडी, बारीक कच आणि दगडाची भुकटी. उरलेलं पाच-सहा टक्के डांबर, म्हणजे रिफायनरीत कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाशी राहणारं बिटुमेन. प्लांटमध्ये हे सगळं दीडशे-एकशेसाठ अंशांना कालवतात, पेव्हरने पसरतात आणि गरम असतानाच रोलरने दाबतात. कितीही दाबलं तरी आत थोड्या पोकळ्या राहतातच, आणि थोड्या राहायलाही हव्यात. भार खडी पेलते. डांबराचं काम खडीला जागेवर धरून ठेवायचं. धावपट्टी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा हे धरून ठेवणंच बिघडलेलं असतं.

भार किती, याचाही अंदाज घेऊ. बोइंग 777-300 ईआर हे विमान पूर्ण भरलं की साडेतीनशे टनांचं होतं. त्यातला बहुतेक भार मागच्या बारा चाकांवर येतो, म्हणजे एका चाकावर सुमारे 27 टन. आपल्याकडे ट्रकच्या चार टायरांच्या एका ॲक्सलला 2018 पासून साडेअकरा टनांची परवानगी आहे, म्हणजे टायरमागे तीन टनही नाहीत. विमानाच्या टायरमधली हवाही सव्वादोनशे पीएसआयच्या जवळ, कारच्या सहा-सात पट. असं चाक उतरताना जोरात ब्रेक मारतं, टोकाला सावकाश वळतं, धावपट्टीकडे नेणाऱ्या टॅक्सी-वेवर रांगेत बराच वेळ उभं राहतं. उभं राहणं सगळ्यात वाईट. डांबर हा पदार्थ घाईत असलेल्या भाराला घट्ट पदार्थासारखा सामोरा जातो आणि निवांत उभ्या भाराखाली पातळ पदार्थासारखा हळूहळू सरकतो.

पण मुंबईसारखी गर्दीची विमानतळं सोडली, तर धावपट्ट्या भाराने कमी आणि हवेने जास्त मरतात. रुंदी 45 ते 60 मीटर, आणि चाकं धावतात ती मधल्या काही मीटरांत. बाकीची पट्टी वर्षानुवर्षं नुसती उन्हात पडून असते. रस्त्यावर सततच्या चाकांनी वरचं डांबर मळलं जातं, बारीक भेगा मिटतात. धावपट्टीच्या कडेला हे भाग्य नाही. डांबरातल्या तेलकट घटकांवर हवेतल्या ऑक्सिजनची प्रक्रिया होत राहते, ते कमी होत जातात आणि डांबर कडक, मग ठिसूळ होतं. सगळ्यात जास्त हाल वरच्या सेंटीमीटरभर थराचे. प्रयोगशाळेत हेच म्हातारपण लवकर आणायची एक पद्धत आहे: डांबर एका बंद भांड्यात 100 अंशांना, वातावरणाच्या वीसपट दाबाच्या हवेत 20 तास ठेवायचं. बाहेर येतं ते साधारण पाच-दहा वर्षं रस्त्यावर काढलेल्या डांबरासारखं.

ठिसूळ डांबर खडी सोडतं. रस्त्यावर सुटलेला खडा फार तर काच फोडतो. धावपट्टीवरचा खडा जेट इंजिन आत ओढून घेऊ शकतं, किंवा भरधाव टायर तो उडवून पंखाच्या खालच्या बाजूवर मारतो. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड पडलं आणि 113 जण गेले. तिथे खडी नव्हती, आधी उडालेल्या विमानातून पडलेली धातूची पट्टी होती. टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला. धावपट्टीवर पडलेल्या छोट्या वस्तूला विमानतळवाले इतके का घाबरतात, ते यावरून कळावं. म्हणून रस्त्याच्या बाबतीत ‘चालतंय अजून’ म्हणून सोडून दिलेली अवस्था धावपट्टीच्या बाबतीत काम काढण्याची अवस्था असते.

उन्हाळा आणि पॉलिमर

नागपुरात मे महिन्यात हवेचं तापमान 45 अंशांच्या पुढे जातं तेव्हा काळ्या पृष्ठभागाचं तापमान साठी ओलांडतं. थंड देशांनाही हे आता चुकलेलं नाही. जुलै 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उभ्या असलेल्या एका प्रवासी विमानाचं चाक मऊ पडलेल्या डांबरात रुतलं. 18 जुलै 2022 रोजी लंडनजवळच्या ल्यूटनला उन्हाने धावपट्टीचा तुकडा उचलला गेल्यावर उड्डाणं थांबवावी लागली. मऊ डांबरात चाकोऱ्या पडतात, ब्रेक मारण्याच्या जागी थर सरकतो, आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून धावपट्टीवर आडव्या कापलेल्या सहा मिलिमीटरच्या खाचा हळूहळू मिटत जातात. शेवटचं दुखणं खास धावपट्टीचं.

कडक डांबर वापरलं की उन्हाचा प्रश्न सुटतो. आपल्याकडे व्हीजी-30 ऐवजी व्हीजी-40 ही जास्त घट्ट प्रत वापरतात ती त्यासाठीच. पण नुसतं कडक डांबर थंडीत आणि म्हातारपणी लवकर तडकतं. उन्हात कडक आणि थंडीत लवचीक, या दोन्ही मागण्या एकदम पुरवायच्या तर पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, लागतो. सगळ्यात जास्त चालणारा पॉलिमर म्हणजे एसबीएस, स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन. त्याच्या प्रत्येक साखळीची दोन टोकं कडक प्लॅस्टिकची आणि मधला भाग रबराचा. गरम डांबरात, साधारण 165 ते 180 अंशांना, टोकं सुटी होतात आणि मिश्रण वाहतं. थंड होताना वेगवेगळ्या साखळ्यांची टोकं एकमेकांत गुठळ्या धरतात आणि रबराचं एक अखंड जाळं डांबरभर पसरतं. डांबरातलं तेल शोषून एसबीएस फुगतं, त्यामुळे तीन-चार टक्क्यांतही बराच फरक पडतो. पाच-सात टक्क्यांवर गेलं की जाळंच वरचढ होतं.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर प्रयोगशाळेतली एक साधी चाचणी पाहावी. पाण्यात, 15 अंशांना, डांबराचा नमुना दोन्ही बाजूंनी ओढून दहा सेंटीमीटर लांब करतात. मग कात्रीने मधोमध कापतात आणि तासभर वाट बघतात. साधं डांबर कापलं तिथेच बहुतेक पडून राहतं. एसबीएस घातलेलं डांबर हळूहळू मागे सरकत जातं, आणि चांगलं असेल तर ताणलेल्या लांबीपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त परत घेतं. चाक गेल्यावर धावपट्टीने नेमकं हेच करायला हवं असतं.

पिंपांवर आणि टँकरच्या कागदांवर आता पीएमबी 76-10 अशी नावं दिसतात. पीएमबी म्हणजे पॉलिमर मिसळलेलं डांबर, आणि आकड्यांचा अर्थ असा की पृष्ठभाग 76 अंशांपर्यंत तापला तरी ते टिकेल आणि उणे 10 पर्यंत तडकणार नाही. भारतीय मानकाच्या 2019 च्या आवृत्तीपासून ही पद्धत आली. धोका साइटवर असतो. एसबीएसचं डांबर टाकीत ढवळत ठेवावं लागतं, नाहीतर पॉलिमर वर येतो. आणि ‘जरा पातळ होऊ दे’ म्हणून आच वाढवून 190 च्या पुढे नेलं, तर साखळ्या तुटतात. महागडा पॉलिमर जळून गेला तरी डांबर दिसायला तसंच काळं राहतं. म्हणून प्लांटवरचा तापमानाचा काटा आणि टाकीतून काढलेला नमुना यांवर जो लक्ष ठेवत नाही, त्याने पीएमबीचे पैसे घालूच नयेत असं माझं मत आहे.

चुना

पॉलिमरची चर्चा खूप होते. त्या मानाने चुन्याला कोणी विचारत नाही, आणि मला विचाराल तर पैशाला पैसा मोजला तर धावपट्टीला सगळ्यात जास्त देणारं ॲडिटिव्ह चुनाच आहे.

दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय असतं. डांबराच्या पापुद्र्याखाली पाणी शिरलं की ते डांबराला हळूहळू दगडावरून ढकलून देतं आणि त्याची जागा घेतं. वरून थर धड दिसतो, आत खडी उघडी पडलेली असते. एक पावसाळा जातो, आणि मग पोपडे निघू लागतात. सिलिका जास्त असलेल्या दगडाला, म्हणजे ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइटला, हा रोग जास्त. आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट या बाबतीत नशीबवान आहे. त्यात सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, ग्रॅनाइटमध्ये सत्तरच्या जवळ, त्यामुळे बेसॉल्टला डांबर बरं चिकटतं. पण खडी ओली असेल किंवा तिच्यावर क्रशरची धूळ बसलेली असेल तर बेसॉल्टचं हे नशीब कामी येत नाही. डांबर त्या धुळीला चिकटतं, दगडाला नाही.

विझवलेला चुना दगडाच्या पृष्ठभागाचा स्वभावच बदलतो. डांबरात थोडी आम्लं असतात. ती दगडावरच्या सोडियम-पोटॅशियमशी जुळली तर तयार होणारा क्षार पाण्यात विरघळतो, आणि चिकटलेलं सुटतं. चुन्यातलं कॅल्शियम त्याच आम्लांशी पाण्यात न विरघळणारे क्षार बनवतं, आणि पकड टिकते. तीच आम्लं ऑक्सिजनच्या प्रक्रियेतही हातभार लावत असतात. ती अशी अडकून पडली की डांबराचं म्हातारपणही लांबतं. वर चुन्याची बारीक भुकटी डांबराला थोडं घट्ट करते, म्हणजे उन्हातही मदत. प्रमाण खडीच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. ऑस्ट्रेलियातल्या विमानतळांच्या कामांत चुना जवळपास ठरलेलाच असतो. आपल्याकडे अनेकदा तो खडी चाचणीत नापास झाल्यावरच आठवतो.

ती चाचणी घरच्या माणसालाही समजेल अशी आहे. डांबर लावलेले खडे काचेच्या भांड्यात पाण्याखाली 40 अंशांना 24 तास ठेवायचे आणि नंतर पाहायचं, किती दगड उघडा पडला. पाच टक्क्यांहून जास्त पडला तर माल नापास. मोठ्या कामांसाठी याहून कडक परीक्षा घेतात: तयार मिश्रणाचे गोळे पाण्याने मुरवून, गरम पाण्यात ठेवून फोडायचे आणि कोरड्या गोळ्यांच्या ताकदीशी तुलना करायची. निदान 80 टक्के ताकद उरायला हवी.

चुन्याऐवजी डांबरात थेंबाथेंबाने मिसळायची अमाइन जातीची रसायनंही मिळतात. प्रमाण डांबराच्या पाव-अर्धा टक्का, वापरायला सोपी, माशासारखा वास. काम करतात, पण गरम टाकीत दिवसेंदिवस पडून राहिली तर त्यांचा गुण कमी होतो. पावसाने काम थांबलं आणि टाकी तशीच तापत राहिली, की हे होतं.

रॉकेलचा प्रश्न

रस्त्याच्या कामावरचे मजूर हाताला लागलेलं डांबर रॉकेलने काढत आले आहेत. जेट विमानाचं इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेलच. विमानं जिथे इंधन भरतात तिथे ते थोडं सांडणारच, आणि सांडलं की डांबर विरघळून खडी मोकळी होणार. म्हणूनच जिथे विमानं उभी राहतात ते एप्रन बहुधा काँक्रीटचे असतात. जिथे डांबरच ठेवायचं आहे तिथे पॉलिमरचं प्रमाण बरंच वाढवून आणि मिश्रण जास्त दाट करून, पोकळ्या कमी ठेवून, इंधनाला दाद न देणारं मिश्रण बनवतात. त्याची परीक्षाही सरळ आहे: तयार गोळा 24 तास केरोसीनमध्ये बुडवायचा आणि वजन किती घटलं ते मोजायचं.

याहून टोकाचा उपाय म्हणजे इपॉक्सी डांबर. 1950 च्या दशकाच्या शेवटी शेल कंपनीने ते तयार केलं, आणि ते मुळात विमानतळांसाठीच, सांडलेल्या इंधनाला आणि जेटच्या झोताला तोंड द्यायला. साधं डांबर कितीदाही गरम करून पातळ करता येतं. इपॉक्सी एकदा पकडली की पुन्हा वितळत नाही. गंमत म्हणजे नाव झालं ते पुलांमुळे. 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन मेटिओ-हेवर्ड पुलाच्या पोलादी पाट्यावर ते टाकलं गेलं, आणि पुढे जगभरच्या मोठ्या पुलांनी ते उचललं. विमानतळांवर ते फारसं रुळलं नाही. महाग आहे, आणि मिसळल्यावर ठरलेल्या वेळेत पसरून दाबलं नाही तर माल वाया.

बाकीच्या पदार्थांबद्दल थोडक्यात. जुन्या टायरांचा चुरा डांबराला लवचीकपणा देतो, पण टाकीत तळाशी बसतो. ॲरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचे तंतू टनाला साधारण अर्धा किलो घालतात, ते भेगा पसरायला अडवतात. प्लॅस्टिक कचऱ्याचं तंत्र मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी रुजवलं, त्यांना 2018 मध्ये पद्मश्रीही मिळाली. तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवायची ती पद्धत रस्त्यांसाठी चांगली आहे. धावपट्टीवर मात्र मी सावध राहीन. कचऱ्यातलं प्लॅस्टिक रोज वेगळं असतं, आणि इथे माल रोज तोच हवा. उत्तर युरोपात आणखी निराळी कथा आहे. बर्फ वितळवायला युरियाऐवजी ॲसिटेट आणि फॉर्मेटची रसायनं आली, आणि 1990 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या काही धावपट्ट्यांचं डांबरच मऊ पडून सुटू लागलं. नागपूरच्या उन्हावरचं उत्तर त्यांना तिथे उपयोगाचं नव्हतं.

साडेसात तासांची रात्र

एक ॲडिटिव्ह मात्र टिकाऊपणाशी थेट संबंध नसतानाही टिकाऊपणा देतं. फ्रँकफर्टची एक धावपट्टी 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रात्रीची कामं करून नव्याने बांधली. रात्री साडेदहाला शेवटचं विमान गेलं की काम सुरू, सकाळी सहाला पहिलं विमान. तेवढ्यात 60 मीटर रुंद आणि साधारण 15 मीटर लांब तुकडा उखडायचा, साठेक सेंटीमीटर जाडीचं डांबरी मिश्रण थराथराने भरायचं आणि दाबायचं. अडचण उष्णतेची. एवढा जाड थर दीडशे अंशांना टाकला तर सकाळपर्यंत आत मऊच राहतो, आणि पहिलंच विमान चाकोरी पाडतं. तिथे डांबरात एक कृत्रिम मेण मिसळलं. ते 100 अंशांच्या जरा वर वितळतं आणि डांबर पातळ करतं, त्यामुळे कमी तापमानाला मिश्रण कालवून नीट दाबता येतं. त्याखाली ते गोठतं आणि थर घट्ट करतं. पहिलं विमान यायच्या वेळी पृष्ठभाग 85 अंशांच्या आसपास आलेला असे.

मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे पर्यायी धावपट्टी नाही किंवा अपुरी आहे, तिथे असं मेण कमी तापमानाहून जास्त महत्त्वाची गोष्ट देतं: रोलरला वेळ. दाबलेल्या थरातल्या पोकळ्या आठ टक्क्यांच्या पुढे राहिल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात. मग हवा आणि पाणी आतपर्यंत फिरतं. अशा थरात एसबीएस, चुना, तंतू, सगळं योग्य प्रमाणात असलं तरी डांबर आतून वाळतंच.

हे सगळ्यात आधी दिसतं ते लांब सांध्यांवर. पेव्हर एक पट्टा टाकतो, तो थंड होतो, शेजारी दुसरा येतो. पहिल्या पट्ट्याच्या कडेला रोलरचा दाब नीट बसलेला नसतो, कारण बाजूला आधारच नसतो. जुन्या धावपट्टीवर उभं राहून पाहिलं तर लांबच लांब सरळ भेगा दिसतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी खडी सुटलेली असते. त्या याच सांध्यांच्या. दोन-तीन पेव्हर तिरक्या रांगेत एकदम चालवून गरम पट्टाच गरम पट्ट्याला भिडवणं हा उत्तम उपाय, पण त्याला यंत्रं आणि प्लांटची क्षमता लागते. ते जमत नसेल तर थंड कड करवतीने कापून काढायची आणि ताज्या कडेला डांबराचा हात मारून पुढचा पट्टा घालायचा. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाच्या मानकात सांध्यावरून वेगळे कोअर, म्हणजे थरातून कापलेले गोल नमुने, काढतात, त्यांची घनता मधल्या पट्ट्यापासून स्वतंत्र धरतात, आणि ती कमी भरली तर मधला पट्टा कितीही चांगला असला तरी ठेकेदाराच्या बिलातून पैसे कापले जातात.